मावशी पाणी पीत नाही

१२ जुलै १९८७, आसगाव
मृग कोरडा, आर्द्राही कोरडी! धानाचे पऱ्हे – कोवळी रोपं – वाळत चाललेत. गावच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, गुडघाभर गढूळ पाणी उरलंय. त्यातच म्हशी, त्यातच धुणं. घरमालकीण चंद्रभागाबाई म्हणते, पाऊस आता पूर्वीसारखा वेळेवर येतच नाही. नर्स म्हणून मी इथे येऊन वर्ष झालं, पण मी काय जेवायचं ते ही मावशीच ठरवते.

१९ जुलै
दोन तासांत महिन्याचा पाऊस! गावभरची घाण वाहत विहिरीत. मी ब्लीचिंग पावडर टाकली. घाबरून हात सैल सुटला – फारच पडली.

२१ जुलै
नऊ जणांना ढाळ. बाया विहीर सोडून बोडीचं पाणी भरताहेत! शेजारच्या खुशालच्या बायकोनं तोंडावर सांगितलं, विहिरीले दवाखान्याचा वास येते. चूक माझीच. मूर्ख!

२२ जुलै
मावशीलाही ढाळ. तीही बोडीचंच प्यायली होती. मीठ-साखरेचं पाणी केलं, पण ती तोंड लावेना. ढाळ लागले की पाणी तोडायचं, ही इथली रीत. प्यालं तर आणखी वाहील म्हणे.

२३ जुलै
डोळे खोल गेलेत. चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहते. पवनीच्या दवाखान्यात न्यावं तर नाल्याला पूर. समजावलं, रागावले, रडलेसुद्धा. शेवटी वाटी खाली ठेवून म्हटलं, तू पिशील तेव्हाच मी जेवीन.

"उपाशी राहून ड्युटी करशीन काय?" मावशी खेकसली. एक चमचा घेतला. मग दुसरा. मला शिव्या घालत संध्याकाळपर्यंत अख्खा तांब्या संपवला! किती जीव लावते ही बाई.

२५ जुलै
मावशीला लघवी झाली, म्हणजे अंगात पाणी टिकलं! एवढा आनंद मला परीक्षेच्या निकालाचाही झाला नव्हता. पेज प्यायली, वर मीठ कमी म्हणून बोलली. विहिरीचा वास गेला, बाया परत आल्या.

२६ जुलै
मावशी आज ओसरीत बसली होती. मी दिलेलं मीठ-साखरेचं पाणी तिनं न कुरकुरता संपवलं. मग म्हणाली, "मंग माह्या तुलारामले मी पाणी देल्लं असतं, तं तो वाचला असता काय वो?"

तिचा मुलगा, तीन वर्षांचा होता म्हणे. ढाळ लागले होते. पाणी मागत होता, हिनं दिलं नाही. वर्षभर एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं.

नाही मावशी, म्हटलं. त्याचा आजार वेगळा असेल.

खोटं बोलले.