लेकीच्या वाटेवरची घोरपड

कामठी रोड, नागपूर
१० फेब्रुवारी १९७४

प्रिय गोपिका,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. आधी मी वाचलं, मग तुझ्या बाबांना वाचून दाखवलं, कारण पत्र नको असलं की चष्मा हरवल्याचं सोंग त्यांना छान वठवता येतं. ‘आई, मी बाळंतपणाला नागपूरला येणार नाही’ इथवर त्यांनी ऐकलं आणि पाना उचलून मागच्या गॅरेजमध्ये निघून गेले. उरलेलं पत्र मी तव्यावरच्या भाकरीला वाचून दाखवलं.

तू लिहितेस ते मला कळतं. तुमच्या डोंगरावरच्या पाथरझरीत याच महिन्यात आणखी दोघींचे दिवस भरताहेत, तिथल्या सुईणीला, तुळसाबाईला, आता डोळ्यांनी दिसत नाही, आणि नर्स म्हणून तू एकटी. तू खाली आलीस तर दवाखान्याला कुलूप. बाईमाणसाला हे एका वाचनात कळतं. पण बापाला कोण समजावणार? पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की तिथे हातोडाही चालत नाही. ‘लेक माही हाय, बाळंतपण माह्या घरीच होईन, मले नको शिकवू,’ एवढं बोलले की त्यांचं बोलणं संपतं. तूही त्यांचीच. दोघांच्या मध्ये माझं आयुष्य चाललंय.

बाबा एक यंत्र बनवताहेत, एवढंच मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. आता सगळं सांगते. दिवाळीला तुला आणायला ते भाड्याची जीप घेऊन निघाले होते आणि जीप बिघडल्यामुळे परतले, असं तुला कळवलं होतं. जीपला काही झालं नव्हतं. तुमच्या गावाखालच्या त्या नाल्यात, जिथे म्हशीएवढे धोंडे पसरलेत, जीप एका अंगावर अशी कलली की ड्रायव्हरने उडी मारली आणि पुढे यायला साफ नकार दिला. तेवढ्यात वरून चार माणसं खाट घेऊन उतरत होती आणि खाटेवर एक अडलेली बाई होती. तिचं पुढे काय झालं ते ह्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी न जेवता ते कामठीला मिलिटरीच्या जुन्या सामानाच्या लिलावाला गेले.

तिथून आणले दोन एक्सल. चाकांच्या जोडीमधला आडवा लोखंडी दांडा असतो ना, तो. पण हे लष्करी ट्रकचे, माझ्या मांडीएवढे जाड. उतरवताना वेल्डिंगवाल्या धोंडबाची कंबर धरली. ‘मालक, जीपच्या इंजनाले एवढे जाड एक्सल काहून पायजे? रणगाडा करून राहिले का?’ असं त्याने विचारलं. ह्यांचं म्हणणं असं की धोंड्यावर आपटून बारीक एक्सल मोडतो आणि जीप उंच असते म्हणून कलंडते. तेव्हा एक्सल न मोडणारे हवेत आणि गाडी बुटकी, रुंद हवी, सगळं वजन खाली. मग काय विचारतेस! आमच्या अंगणात ना छप्पर, ना दरवाजे, नुसता पाइपांचा सांगाडा, खाली जाड पत्रा आणि जमिनीवर मांडी घातल्यासारख्या पुढे-मागे दोन लांब सीटा, असं एक ध्यान उभं राहिलं. म्हणजे उभं कसलं, बसलंच. शेजारच्या कुसुमताई कंपाउंडवरून डोकावून म्हणाल्या, ‘काय वं माय, ही मोटार हाय का पाटा?’ गल्लीने तिचं नाव घोरपड ठेवलं. खडकाला चिकटते ती घोरपड, म्हणून ह्यांनाही ते आवडलं. मला म्हणाले, बघ, लोकांना कळतं.

पहिल्यांदा ती इतकी खाली बसवली होती की गिट्टीखदानीकडच्या जुन्या खदानीत नेल्याबरोबर एका दगडावर पोट टेकून अडकली. चारही चाकं फिरताहेत आणि गाडी जागची हलत नाही. लोक हसून हसून बेजार. ह्यांनी ट्रकचे मोठे टायर चढवले, सांगाडा कापला, पुन्हा जोडला. त्या दिवसांत जेवायला हाक मारली की आधी ठिणग्या दिसायच्या आणि माणूस नंतर. शेवटी ती चालायला लागली. तिचा सगळ्यात जड गिअर टाकला की ती इतकी हळू सरकते की धोंडबा चहाचा कप हातात घेऊन तिच्यापुढे चालतो. पण चढते गं! एक चाक धोंड्यावर, दुसरं खड्ड्यात, तरी कलत नाही. तुझ्या बापाचं काम चांगलं आहे, हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हणणार नाही, म्हणून तुला लिहिते.

मागच्या रविवारी त्यांनी मला खदानीत नेलं. तुझ्या जागी बसवून बघायचं होतं. पट्टा पोटाला लागतो का हे कळावं म्हणून मी एक उशी लुगड्यात बांधून घ्यावी, असं त्यांनी फार गंभीरपणे सुचवलं. या वयात पोटाला उशी बांधून मी त्या पाट्यावर बसले आणि काठावरच्या खदान कामगारांनी बिड्या विझवल्या. धोंडबा त्यांच्यावर ओरडला, ‘काहून हसता गा? बाई हाय का तमाशा हाय?’ आणि मग स्वतःच तोंड फिरवून हसायला लागला. घोरपड निघाली. कलली नाही, अडकली नाही, जिथे दिवाळीतली ती जीप उलटली असती तिथून गोगलगायीसारखी वर गेली. हे स्टिअरिंगवरून माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की लग्नातही इतके खूश नव्हते.

आणि मी? गोपिका, प्रत्येक धोंड्यावर ते जाड एक्सल खालून असा दणका देत होते की तो कमरेतून थेट दातांत जायचा. ते एक्सल, त्यांच्या स्प्रिंगा, सगळं ट्रकभर ओझं वाहायला बनलेलं, दोन माणसांनी काय दबणार! वर पोचेपर्यंत मी उशी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. नुसती कापसाची उशी, पण हात सुटेनात. उतरले तेव्हा ह्यांनी विचारलं, कसं वाटलं. मी खरं सांगितलं. म्हटलं, गाडी तुमची उलटणार नाही, पण भरल्या दिवसांची बाई हिच्यात बसवायची नाही. ह्यांनी दगड भरून पाहिले होते, लोखंड भरून पाहिलं होतं, ट्रकवाल्यांना विचारलं होतं, मिलिटरीतून निवृत्त झालेल्या एका हवालदाराला घरी बोलावून चहा पाजला होता. ज्या घरात लेकराला जन्म दिलेली बाई रोज भाकऱ्या थापते, तिला एकदाही विचारलं नव्हतं.

ते तिथेच दगडावर बसले. मला वाटलं होतं, चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणाले, ‘मंग पोरीले कसं आणू वं मी?’ मला त्यांचा इतका राग आला होता आणि तरी त्या एका वाक्याने मला रडू आलं, तेही त्या सगळ्या कामगारांसमोर, पोटाला उशी बांधलेली असताना. माझा जीव तुझ्यात अडकलाय हे मी तोवर कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. तू धीट आहेस, नर्स आहेस, कितीतरी बायांची सुटका केली आहेस. पण तुझ्या पत्राच्या शेवटी, बारीक अक्षरात, सांबारवडीचं ते कोथिंबीर-खोबऱ्याचं सारण कसं करायचं ते विचारलंस ना, तेव्हाच मी ओळखलं. घाबरलेल्या लेकीला आईच्या हातचं खावंसं वाटतं.

सोमवारी भाकरी थापताना मला सुचलं. जी गाडी तुला खाली आणू शकत नाही, ती मला वर नेऊ शकते. माझ्या पोटात काय आहे? फार तर उपमा. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, लेक माहेरी येते, माहेर लेकीकडे जात नाही. म्हटलं, जात नव्हतं, कारण त्याला चाकं नव्हती. आता तुम्ही लावलीत. हे बुधवारपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत, धोंडबातर्फे मीठ मागायचे. गुरुवारी उठून बघते तर मागची सीट काढलेली आणि हे वरच्या पाइपांना खाटेच्या नेवारीची झोळी टांगत होते, आडवं झोपता येईल अशी. त्या झोळीत मीही झोपून पाहिलं. दणके खाली राहतात, झोळी नुसती डुलते. देव न करो, तुझं किंवा त्या दोघींपैकी कुणाचं अडलं, तर खाली न्यायची सोय आता दाराशी असेल. चार माणसांनी खाट खांद्यावर घ्यायला नको.

तर येत्या शुक्रवारी आम्ही निघतो. सावनेरपर्यंत घोरपड ट्रकवर आणि पुढे स्वतःच्या चाकांवर. बरोबर डिंकाचे लाडू, सुंठ, अळीव, जुनी मऊ लुगडी आहेत. वडीसाठी हिरवंगार सांबार तिकडे मिळत असेल तर जावईबापूंना आणून ठेवायला सांग, इथून नेलं तर वाटेतच सुकेल. त्यांच्या शाळेची ती रिकामी खोली मिळाली तर मला पुरे. तुझी कामं सोडू नकोस, पण जड हंडे उचलू नकोस. ते मी आल्यावर बघते.

एवढं कळवायला खरं तर तार पुरली असती. पत्र लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. ह्यांनी माझं सगळं ऐकलं, एक सोडून. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, ही त्यांच्या आईची शिकवण. मी तुझ्याकडे जेवणार आहे, देवाला मला काय विचारायचं ते विचारू दे. पण ते स्टोव्ह, तांदूळ आणि पाण्याचं पिंप बांधून घेताहेत आणि तुझ्या दारासमोरच्या मोहाच्या झाडाखाली घोरपडीजवळ राहणार आहेत. तो नाला चढून, धुळीने माखून हा माणूस तुझ्या दाराशी येईल. तू तांब्या पुढे करशील आणि ते मान हलवतील. तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस गं, आणि भांडूही नकोस. दिवाळीपासून त्यांनी जे लोखंड कापलं, जोडलं, पुन्हा कापलं, ते तुझ्या घरचं पाणी प्यायला मिळावं म्हणूनच. बाळ रडलं की मी आधी तुझ्याकडे बघेन, मग बाळाकडे, आणि लगेच जावईबापूंना तांब्या घेऊन बाहेर पाठवेन. त्या दिवसासाठी तुझ्या माठात पाणी भरून ठेव.

तुझीच,
आई