सुधाकरनं सांगितलेला शेवट

रविवार, दिवाळीनंतरचा

आज समाजमंदिरात दोस्तीवरचा पिच्चर लावला आणि ऐन शेवटाला लाईट गेली. अशा वेळी ज्यानं पिच्चर आधी पाहिला असेल त्यानं उरलेला सांगायचा, ही आमच्या गावची रीत. सुधाकर आणि मी तो दारव्ह्याला पाहिलेला. शेवटी एक दोस्त मरतो. दोघंही रडलो होतो.

पण अंधारात सुधाकर म्हणाला, "मंग थो दोस्त वाचते. दोघंबी गावात वापस येतेत."

मी चिडलो. एवढा चांगला शेवट काहून बिघडवतो हा? टोकणारच होतो, तेवढ्यात पुढे बसलेले दौलतभाऊ आठवले. बाजूची जागा त्यांनी आजही रिकामी ठेवलेली. तिथं शेषराव बसायचा. दोघांकडं एकेक बैल, दोघांची मिळून एक जोडी. यंदा कापूस वेचायला शेषराव नाही. पोळ्याआधीच गेला. कसा, ते लिहवत नाही.

सुधाकर, मानलं लेका तुले!

सगळे घरी निघाले, दौलतभाऊ उठले नाहीत. सुधाकरला म्हणाले, "थो पिच्चर म्या पायला हाय बापा. शेषराव अन् मी संगंच गेलतो दारव्ह्याले."

सुधाकरनं मान खाली घातली.

"थे दोघं वापस येतेत, थे पुन्हा सांग बरं एकडाव."

सुधाकर त्या रिकाम्या जागेवर जाऊन बसला, आणि सांगू लागला.