अडुळशाची सहा रोपं

निघोजे, १० जून १९७४

प्रिय दादास,
कस्तुराचा सप्रेम जयभीम. वि. वि.
तुझी खोली पाहून आल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. खोली कसली, सिमेंटची पेटी! आमच्या शाळेत आरोग्याच्या बाई आल्या होत्या. घरात हिरवं असलं की मन शांत राहतं, झोप लागते, असं त्या म्हणाल्या. म्हणून तिकडे येणाऱ्या सोपानरावांबरोबर अडुळशाची सहा रोपं पाठवते आहे. पलंगाशेजारीच ठेव, आणि पानांचा काढा घे. हा खोकला किती दिवस चालायचा, असं आबा रोज विचारतात.
लोभ आहेच, उत्तर तेवढं धाड.
तुझी कस्तुरा

संत तुकाराम नगर, २ जुलै

चि. कस्तुरास अ. उ. आ.
रोपं डालड्याच्या डब्यांत लावली. इथं माती कुठली? नुसता मुरूम. आमच्या फाउंड्रीत लोखंड ओतायच्या साच्याची जुनी वाळू ढिगानं पडलेली असते, तीच शिफ्ट सुटल्यावर पिशवीतून आणतो आणि चाळून मुरमात मिसळतो. धूळ बाहेर गेली की शेजारच्या शालनबाई वाळत्या कपड्यांवरून भांडतात, म्हणून खिडकी लावून घेतो. भट्टी घरी आणलीत, म्हणून तुझी वहिनी चिडते. पण त्या हिरव्यात बसलं की बरं वाटतं गं. आता आणखी डबे भरतोय.
आबांना जयभीम. काळजी करू नये.
विलास

संत तुकाराम नगर, १४ नोव्हेंबर

कस्तुरावन्संना जयभीम. वि. वि.
हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे. ह्यांच्या छातीचा फोटो काढला. क्षय नाही. नऊ वर्षं फाउंड्रीतली बारीक धूळ आत जाऊन बसली आहे, ती आता निघत नाही, त्यावर औषध नाही. घरी काय करतात, असं डॉक्टरांनी विचारलं. मी खिडकी लावून वाळू चाळण्याचं सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, "फाउंड्री आणि ही वाळू, दोन्ही आजच सोडा, नाहीतर वर्षही जाणार नाही." तरी हे सोमवारी कामावर गेले. काम सोडलं तर कंपनीचं क्वार्टर जाईल म्हणतात. झाडांची कल्पना माझीच, असं मी डॉक्टरांना सांगितलं आहे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.
तुमची प्रभावती

निघोजे, १८ नोव्हेंबर

वहिनींना जयभीम.
मनाला कसं लावून घेऊ नको? रोपं पाठवताना मुळांची माती मी धुऊन टाकली होती. सोपानरावांना ओझं नको म्हणून. आमच्या परसात माती काय कमी होती?
येत्या रविवारी आबा दादाला न्यायला येताहेत. क्वार्टर गेलं तर जाऊ दे, तुम्हीही या. तो नाही म्हणेल. मग हे पत्र त्याला वाचून दाखवा. स्वतःसाठी नाही, पण मला रात्री झोप लागावी म्हणून तरी तो येईल.
कस्तुरा