शकीबच्या घरचं पाणी

ऐन तूता,
११ फेब्रुवारी १९६४

चि. वदाद हिस,
अदमाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तापाची चौकशी करायला आरोग्य खात्यात जाणार आहेस, हे वाचलं. नजीबला जाऊन चार महिने झाले. त्याच्या जागी तुला संसदेत पाठवलं तेव्हा गावाला वाटलं होतं, विधवा बाई, रडत बसेल. आता ऐकते, मंत्र्यांना प्रश्न विचारतेस! फार शहाणपणा करू नकोस हो. परवा जेवताना शकीब म्हणाला, वहिनीला सांग, जागा फक्त सांभाळायची आहे. वसंतात रमझीला निवडणुकीला लागणारी पंचवीस वर्षं पूर्ण होतात, मग ती माझ्या मुलाची. धाकटा भाऊ माझा, पण बोलतो थेट बाबांसारखा.

गावात टायफॉइड अजून आहे. भट्टीवाल्या मिलहेमची बायको नझीहा गुरुवारी गेली. तीन लेकरं मागे. आपल्याकडे देवाच्या कृपेने सगळे ठीक. माझं पोट बिघडतं म्हणून शकीबने सप्टेंबरपासून दरीपलीकडच्या झऱ्याचं पाणी खेचरावरून आणवायला सुरुवात केली, त्याच्याही घरी आणि माझ्याही. बहिणीची इतकी काळजी आजकाल कोण करतं?

माया आहे तशीच राहू दे.
तुझी नणंद,
अदमा

बैरूत,
१९ फेब्रुवारी

ती. अदमावन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र चारदा वाचलं. ताप जानेवारीत आला आणि खेचर सप्टेंबरपासून? भावोजींना तेव्हाच काय कळलं होतं? गावच्या झऱ्याच्या वरच त्यांची दगडखाण आहे. मजुरांच्या झोपड्या तिथेच, आणि एक संडास नाही.

मी आरोग्य खात्यात गेले. कारकून भला होता. म्हणाला, पाणी ऑगस्टमध्येच तपासलंय, पण अहवाल शकीबसाहेब स्वतः येऊन घेऊन गेले. खासदारांच्या घरचेच म्हणून आम्ही दिला. तीन दिवसांनी पुन्हा गेले तर त्या कारकुनाची बदली झालेली. आणि मी खात्यात जाणार हे मागच्या पत्रात फक्त तुम्हाला कळवलं होतं.

वन्सं, राग मानू नका, पण विचारते. भावोजींना तुम्ही सांगितलंत का? उत्तर टपालात टाकू नका, बसवाल्या तानियोसच्या हाती द्या.

मनात किंतु आहे, तरी मान कमी नाही.
आपली,
वदाद

ऐन तूता,
२ मार्च

वदाद हिस, आशीर्वाद.

मला चहाडखोर ठरवलंस. आठ दिवस जेवण गोड लागलं नाही. पण हो, मीच सांगितलं. कौतुकाने सांगितलं, की बघ, आपली वदाद आता खात्यांतून फिरते. तो हसला होता.

मग मी त्याला खेचराचं विचारलं. आधी थट्टा केली, ताई, तू पोलिसात कधी लागलीस? मी पुन्हा विचारलं, तसा त्याचा आवाज उतरला. म्हणाला, खाण बंद पडली तर रमझीची निवडणूक कशावर लढवू?

रविवारी शकीबच्या घरून सगळे चर्चला गेले. मी पाय दुखतोय सांगून मागे राहिले आणि त्याचं कपाट उघडलं. अहवाल सापडला. झोपड्या ताबडतोब हलवा, असं स्वच्छ लिहिलंय. खाली शेरा आहे, कारवाई वर्षभर थांबवावी. सही शकीबची नाही. खासदारसाहेबांची. आपल्या नजीबची.

तेव्हा मला ऑगस्टअखेरचं एक जेवण आठवलं. शकीबने कागद पुढे सरकवला, नजीबचा हात चालेना. त्याने माझ्याकडे पाहिलं. कागद कसला हे मी विचारलंसुद्धा नाही. मीच म्हणाले, अरे, भाऊ आहे ना तुझा, मग कर की सही.

कागद तानियोसबरोबर पाठवते. एकच मागणं आहे. सभागृहात दाखवशील तेव्हा खालचा भाग कापून टाक. तो आता उत्तर द्यायला नाही.

एवढं ऐकलंस तर तुझी आजन्म ऋणी,
अदमा

बैरूत,
१४ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

कापला नाही. नजीबच्या नावासकट सगळा वाचला. त्याचं नाव लपवलं असतं, तर त्याने भावासाठी केलं तेच मी नवऱ्यासाठी केलं असतं. मागून कोणी ओरडलं, मेलेल्या माणसाला तरी सोडा बाई. सोमवारी तपासनीस येतील.

एकवीस वर्षं त्या माणसाच्या शेजारी झोपले, वन्सं. एक शब्द बोलला नाही मला. भावाला भ्यायचा की मला, हेच आता रोज शोधते.

एप्रिलमध्ये मी रमझीविरुद्ध उभी राहते आहे. शिव्या द्यायच्या असतील तर द्या, पण लिहा.

आपल्या पत्राची वाट पाहणारी,
वदाद

ऐन तूता,
६ एप्रिल

वदाद हिस,

आशीर्वाद द्यायला हात उचलत नव्हता म्हणून उशीर. नजीबचं नाव घेतलंस, त्याची माफी नाही.

झोपड्या हलल्या. काल चौकात रमझीची सभा झाली. शकीबने मला पहिल्या रांगेत बसवलं. मिलहेमनेही निष्ठा दाखवायला रमझीच्या खांद्याचं चुंबन घेतलं. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, नझीहाला विसरलास? म्हणाला, बाईसाहेब, थोरल्या पोराला कस्टमच्या नोकरीत चिकटवायचंय. वदादबाई चांगल्या, पण त्या कुणाला चिकटवणार? तेव्हा वदाद, तू निवडणुकीत पडशील, हे मी आत्ताच सांगून ठेवते.

मग शकीब उठला. म्हणाला, सही थोरल्या भावाची होती, खासदार तो होता, मी काय करणार? रुमालाने डोळेही पुसले. ज्याच्यासाठी नजीबने सही केली, त्याने त्यालाच पुढे केलं.

मी उभी राहिले. म्हणाले, सही नजीबची, कागद तुझा, आणि कर म्हणणारी मी. नझीहाला आम्ही तिघा भावंडांनी मारलं. ढोलवाले थांबले. रमझी खाली बघत होता. कोणीतरी माझा कोपर धरला, तो मी झटकला.

घरी चालत आले. कोणी सोबत आलं नाही. मिलहेम तेवढा टोपी हातात धरून दहा पावलं मागून येत राहिला. माझ्या दारापर्यंत आला. मग टोपी घातली आणि परत सभेकडे गेला.

राग आहे, पण पत्र थांबवू नकोस.
अदमा