नऊ लाखांचा दाखला

धुळे,
८ जुलै २०२५

ती. आबांना नूतनचा शि. सा. नमस्कार.

आम्ही इकडे बरे आहोत. मायचे गुडघे कसे आहेत? तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र तुमच्या धाकटीच्या, हर्षालीच्याच हाती देते आहे.

तिला घेऊन जळगावची दोन आणि इथलं एक कॉलेज फिरले. फीमाफी मिळेल का, नाहीतर हप्ते पाडून द्याल का, एवढंच विचारायचं होतं. सगळीकडे आधी उत्पन्नाचा दाखला बघतात, मग आमच्याकडे. जळगावच्या बाई तर भर रांगेत म्हणाल्या, "वर्षाला नऊ लाख आणि माफी मागायला येता?" पोरगी मान खाली घालून उभी. मला इतका संताप आला की तिला हाताला धरून रांगेतून बाहेर काढलं.

कुठले नऊ लाख, आबा? दीड एकर केळी, तीही मागच्या वाऱ्यात निम्मी आडवी. लोक दाखल्यावर उत्पन्न कमी लावून घेतात, तुम्ही तलाठ्याच्या मागे लागून वाढवून घेतलंत. का, तर माझ्या सासऱ्यांना बागायतदाराची पोर हवी होती. गेल्या वर्षी लग्नाच्या बैठकीत तो कागद हातोहात फिरवलात. आता खरा दाखला काढा म्हटलं की तुमचं एकच, "नूतनना सासरी कळी जाई." माझं नाक राखायला तिचं वर्ष बुडवणार? प्रवेश ३१ तारखेला बंद होतात. बारावीला ब्याऐंशी टक्के पाडणारी पोर घरी बसवून कोणाची अब्रू राहणार आहे?

तुमच्यावर एवढी चिडले आहे, पण एक लिहायचं टाळत होते. तो कागद फिरला तेव्हा मी दाराआड उभी होते. नऊ लाख ऐकलं आणि गप्प बसले. मलाही हे घर हवं होतं.

म्हणून रविवारी जेवताना मीच सगळं सांगून टाकलं. सासरे ताटावरून उठले. सासूबाई अजून बोलत नाहीत. हे एवढंच म्हणाले, "मला तरी सांगायचं होतंस." जे व्हायचं ते माझं होईल, मी बघेन.

तेव्हा आता तुम्हाला घाबरायला कारण उरलेलं नाही. नव्या दाखल्याचा अर्ज सोबत आहे. खरं उत्पन्न लिहा, सही करा आणि उद्याच तिच्याबरोबर सेतू केंद्रात जा.

नाही गेलात, तर आखाजीच्या सणाला मला माहेरी न्यायला कोणाला पाठवू नका. मी येणार नाही.

तुमची,
पण या वेळी हर्षालीच्या बाजूची,
नूतन