मोठ्या टेबलाचा कीबोर्ड

१४ मार्च, दुपार

प्रिय वहिनी,

नमस्कार. गुडघा कसा आहे? ढब्बू फोनवर म्हणाला की आई रोज फिरायला जाते, म्हणजे बरा असावा. पण तुमच्या लेकाचं काय सांगावं! तुम्ही लंगडत घरी आलात तरी त्याला "आई आज जरा सावकाश चालत होती" एवढंच दिसेल. म्हणून तुम्हालाच विचारते.

मी ठीक आहे. दुकान चालू आहे. बाहेरच्या खोलीतला पंखा अजून कुरकुरतो, आणि दाराची कडी तशीच दोनदा ओढावी लागते. सफाईच्या मावशी दर सोमवारी विचारतात, "मोठ्या बाई कधी येणार?" मी म्हणते, "येतील." त्यावर म्हणतात, "गेल्या सोमवारीही हेच म्हणालात." फटकळ कुठल्या! तुम्हीच डोक्यावर चढवून ठेवलंय त्यांना.

टायपिंगचं दुकान चालवणारी बाई हाताने पत्र लिहितेय हे बघून हसू येईल तुम्हाला. का, ते तुम्हाला माहीत आहे. तरी पुढे लिहीनच. आधी कामाचं सांगते.

तुमच्या मोठ्या टेबलावरचा कीबोर्ड गेला. जाताना तुम्ही दारात चप्पल घालता घालता सांगितलं होतंत, "माझ्या कीबोर्डच्या बॅटऱ्या काढून ठेव, नाहीतर गळतील." मी हो हो म्हटलं आणि एक दिवस सोडला तर सात महिने त्या टेबलाकडे फिरकलेच नाही. परवा धीर करून उघडून बघितलं, तर आत सगळं पांढरं-हिरवं झालेलं, आतले पत्रे पार खाऊन टाकलेले. माउसचंही तेच. म्हणून काल नवा सेट आणायला गेले, त्याच दुकानात.

मागच्या वेळी मी पाच मिनिटांत दोन सेट उचलून आणले होते, आठवतंय? दोन्ही हुबेहूब सारखे. तुम्हाला सांगितलं, "तुमच्या सोयीसाठी वायरलेस घेतलेत, पायात वायरी येणार नाहीत." वहिनी, ते खोटं होतं. तुमच्या जुन्या कीबोर्डची खटखट मधल्या भिंतीतून माझ्या डोक्यात जायची. तुमचा हात टाइपरायटरवर बसलेला, चांगला जड. मी दुकानदाराला एकच गोष्ट विचारली होती, "आवाज कमीत कमी कोणत्याचा आहे?" त्याने चपटा, मुका कीबोर्ड दाखवला आणि मी दोन घेतले. पहिल्या आठवड्यात तुम्ही प्रत्येक ओळीनंतर थांबून अक्षर उमटलं की नाही ते बघत होतात. मला दिसत होतं ते. तुम्ही तक्रार केली नाहीत आणि मी विचारलं नाही.

तेव्हा दुकानदाराने बजावलं होतं. म्हणाला, "ताई, एका सेटला एकच डोंगल. हा नखाएवढा तुकडा कॉम्प्युटरला खोचला की कीबोर्ड आणि माउस त्याच कॉम्प्युटरचं काम करणार, मध्ये भिंत असली तरी. दोन सेट सारखे आहेत, तेव्हा डोंगलवर खूण करून ठेवा." मी म्हटलं, दोन तर टेबलं आहेत आमची, खूण कसली करायची!

काल त्याने विचारलं, "कोणासाठी हवाय?" मी म्हटलं, "माझ्या वहिनींसाठी." मग त्याने प्रश्नांची सरबत्तीच लावली. वय काय, चष्मा आहे का, दिवसाकाठी किती तास टाइप करतात, हात हलका की जड. मी सांगत गेले. उजव्या मनगटाला सूज येते, म्हणून मागे पाय असलेला कीबोर्ड नको, सपाट बसणारा द्या. माउस हातात भरेल असा मोठा हवा. अक्षरं ठळक हवीत, म्हणजे त्या बघत नाहीत कीबोर्डकडे, पण गिऱ्हाईकाशी बोलून परत बसताना बोटं ठेवायला एक नजर टाकतात. त्याने गमतीत विचारलं, "आणि चुका किती करतात? खोडायचं बटण मोठं असलेला देतो." मी पटकन म्हटलं, "त्यांच्या चुका होत नाहीत."

आणि वहिनी, मला तिथल्या स्टुलावर बसावं लागलं. दुकानदाराने पाणी आणून दिलं. त्याला वाटलं ऊन लागलं.

थांबते, कोणीतरी आलंय.

गिऱ्हाईक नव्हतं. फोटो काढून मिळतील का, असं विचारत होता. टायपिंगच्या दुकानात! तेवढ्यावर त्याला पाटी दाखवून वाटेला लावायचं, तर मी त्याला फोटोवाल्याचा रस्ता समजावत बसले. तुम्ही ओळखलंच असेल. तो दिवस लिहायचा आहे आणि मी पळवाटा शोधतेय.

त्या दिवशी सकाळी आपण नेहमीसारखं केलं. तुमचा टाइपरायटरच्या काळातला नियम, आधी कागद चढवायचा, मग चहा, मग बाकीचं जग. म्हणून दोघींच्या मशीनवर कोरं पान उघडलेलं होतं. मग मावशी आल्या. कॉम्प्युटरचे डबे पुसायला त्यांनी पुढे ओढले आणि मोडतील म्हणून दोन्ही डोंगल काढून माझ्या टेबलावर ठेवले. मी एक माझ्या मशीनला खोचला, एक तुमच्या. कुठला कोणाचा, बघितलंही नाही. वहीत कच्चं पत्र तयार होतं आणि मला घाई होती.

पत्र ढब्बूला होतं. फोन केला असता तर भिंतीतून तुम्हाला ऐकू गेलं असतं. तुम्हाला कळू नये म्हणून मी टाइप करायला बसले, वहिनी.

तुम्हीच शिकवलंत, नजर कागदावर. "स्क्रीनकडे बघत टाइप करणं म्हणजे पायांकडे बघत नाचणं," म्हणायचात. सोळा वर्षांची होते मी. तुम्ही नव्यानेच लग्न होऊन आलेल्या, आणि माझ्या बोटांवर रुमाल टाकून मला अक्षरं पाठ करायला लावायचात. दादा म्हणायचा, "अगं, तिला जेवू तरी दे." त्या शिकवण्याला जागले मी. वहीवरून डोळे न हलवता अख्खं पान टाइप केलं. "आईच्या हातून आता पानंच्या पानं गाळली जातात. वकीलसाहेबांसमोर खाली मान घालायची वेळ आली. गिऱ्हाईकं तुटतायत. मी किती दिवस सांभाळून घेऊ? तू तिला तुझ्याकडे घेऊन जा, तिच्याच भल्यासाठी सांगतेय."

शेवटचा पूर्णविराम देऊन वर बघितलं, तर माझ्या स्क्रीनवर कोरं पान. एक अक्षर नाही. मी कीबोर्ड उलटा केला, झटकला, बॅटरी दाबून बघितली. आणि मग त्या कोऱ्या पानावर आपोआप अक्षरं उमटायला लागली. भिंतीपलीकडून कसलाही आवाज नव्हता, कारण तुमचा आवाज बंद करणारा कीबोर्ड मीच आणला होता.

"घाईबाई, तुझं पत्र माझ्या मशीनवर आलंय. किती प्रती काढू?"

मी उठून तुमच्या खोलीत यायला हवं होतं. पाय धरायला हवे होते, निदान तोंड तरी दाखवायला हवं होतं. मी खुर्चीतच बसून राहिले. तुम्ही जुना वायरचा कीबोर्ड जोडला असावात, भिंतीतून त्याची खटखट आली आणि प्रिंटर चालू झाला. तुम्ही दोन प्रती काढल्यात, एक आपल्या फाइलला, एक पाकिटात. पाकिटावर ढब्बूचा पत्ता तुमच्याच अक्षरात. माझ्या टेबलावर ठेवून म्हणालात, "घरनंबर तू नेहमी चुकवतेस, म्हणून मीच घातला." मग तेच पाकीट परत उचललंत. "नाहीतरी मी जातेच आहे त्याच्याकडे, हातोहात देईन."

आठ दिवसांनी तुम्ही गेलात. त्या आठ दिवसांत मी तुम्हाला सांगितलं काय, तर "वहिनी, ते पत्र तसं नव्हतं हो, डोंगलचा घोळ झाला." डोंगलचा घोळ! जणू काही ती वाक्यं डोंगलनेच लिहिली होती. तुम्ही फक्त "बरं" म्हणालात. त्या "बरं"वर मी सात महिने काढले. जो विचारेल त्याला सांगितलं, मुलाने बोलावून घेतलं, नशीबवान आहेत.

आता ते राहिलेलं लिहिते, ज्यासाठी एवढा कागद खर्च केला.

वकीलसाहेबांच्या वाटणीपत्रातलं सातवं पान मी गाळलं होतं. मी. फोनवर मैत्रिणीशी हसत बोलत होते आणि दोन पानं एकदम उलटली गेली. सुनावणी पुढे गेली, साहेब तणतणत आले, दारातूनच ओरडले, "सातवं पान कुठाय?" खोलीत चार माणसं बसलेली. मी वहीत डोकं खुपसलं. महिनाभरापूर्वीच त्यांनी बजावलं होतं की धाकट्या बाईंची आणखी एक चूक झाली तर काम बंद. तुम्ही हातातलं काम ठेवून उठलात आणि म्हणालात, "माझ्याकडून राहिलं, साहेब. उद्या सकाळी देते." त्यांचं सगळं ऐकून घेतलंत. ते गेल्यावर मला एवढंच म्हणालात, "फोन बाजूला ठेवत जा, घाईबाई."

तीच चूक मी तुमच्या नावावर तुमच्या मुलाला लिहून पाठवत होते. आणि तुम्ही भिंतीपलीकडे बसून ते एकेक अक्षर उमटताना वाचलंत.

का केलं? सात महिने स्वतःला नाना उत्तरं दिली. खरं उत्तर हलकं आहे, वहिनी. लोक दारात येऊन "मोठ्या बाई आहेत का?" विचारायचे. मी समोर असले तरी. तुम्ही आतल्या खोलीत असलात की म्हणायचे, "थांबतो आम्ही." मला ते टेबल हवं होतं. आणि त्या सातव्या पानानंतर तुमच्याकडे बघितलं की माझीच चूक दिसायची. तुम्ही कधी बोलून दाखवली नसतीत, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तेच सहन होत नव्हतं. तुम्ही भांडला असतात तर बरं झालं असतं. मला लाज वाटते. हे सरळ लिहिते, कारण आजवर सगळं आडून आडून केलं.

तुम्ही गेल्यावर एकदा मी त्या टेबलाशी बसले होते. एकच दिवस. एक म्हातारे गृहस्थ आले, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मोठ्या बाई आहेत का?" मी उठले ती पुन्हा बसले नाही.

काल दुकानातून निघाले ती सरळ वकीलसाहेबांकडे गेले. उभ्यानेच सांगितलं, सातवं पान माझ्याकडून गेलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "मला माहीत होतं. तुमच्या वहिनी पान गाळणाऱ्यातल्या नव्हेत." मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत?" म्हणाले, "त्या स्वतः माझं म्हणाल्या. त्यांना खोटं पाडू का?" काम बंद केलं नाही त्यांनी. केलं असतं तर मी दोन शब्द बोलणार नव्हते. ढब्बूलाही आजच वेगळं पत्र टाकतेय. तुम्ही ते पाकीट त्याला दिलंत की नाही, मला ठाऊक नाही. तो कधी काही बोलला नाही, म्हणजे दिलं नसेल असं वाटतं, आणि तसं वाटलं की आणखीच मेल्याहून मेल्यासारखं होतं. दिलं नसलंत तरी आता त्याला कळेल. हे पत्र आणि ते पत्र, दोन्ही तुम्ही नसताना मी टाइप करू शकत होते. पण ज्या कीबोर्डवर ते पहिलं पत्र टाइप केलं, त्यावर यासाठी माझा हात जाईना.

तर नवा सेट घेतला. वायरलेसच घेतला, कारण तुमच्या गुडघ्याला वायर आडवी यायला नको, हे खोट्यातलं खरं होतं. पण या वेळी बटणं उंच, चांगली वाजणारी. दुकानदार म्हणाला, "ताई, याचा आवाज शेजारच्या खोलीत जाईल हं." मी म्हटलं, "जाऊ दे."

कीबोर्ड आणि माउस तुमच्या टेबलावर मांडून ठेवलेत. बॅटऱ्या बाजूला, गळायला नकोत. डोंगल मात्र खोचलेला नाही. तो या पाकिटात आहे, कापसात गुंडाळलेला. त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. त्याच्याशिवाय तो कीबोर्ड मी कितीही बडवला तरी एक अक्षर उमटवणार नाही.

आलात तर बरोबर घेऊन या. यायचं नसेल तर टाकून द्या, त्यावर माझा काही हक्क नाही. पण परत पाठवू नका, वहिनी. परत आला तर एक ना एक दिवस मी तो खोचून तुमच्या खुर्चीत बसेन. माझा माझ्यावर तेवढा भरवसा नाही.

गुडघ्याला शेक घेत जा.

ते नाव तुम्ही अजून काढून घेतलं नसेल तर,
तुमची
घाईबाई

सोबत : डोंगल, एक नग