न सांडलेला भात

पाचूबंदर, ४ ऑक्टोबर १९९२, संध्याकाळ

होडी आज सापडली. परवा वादळात डोलकाठी मोडली, आत पाणी भरू लागलं, तेव्हा होडीचा तांडेल म्हणून मीच चौघा खलाशांना शेजारी आलेल्या मशीनच्या बोटीत उड्या मारायला लावल्या. शेवटी मी. होडी बुडणारच, असं वाटलं होतं. नाही बुडली. कळंबच्या वाळूवर जाऊन बसली, आणि चुलीवर भाताचा टोप झाकणासकट जसाच्या तसा!

बंदरावर कुणीतरी हसलं, "भात नाय सांडला, नि तांडेलानं होडी सोडली!" बाबा पाठ फिरवून घराकडे चालू लागले. होडी त्यांनी बांधलेली. ते पाठ फिरवणंच जास्त लागलं.

घाबरलो होतो, हे खरं. पण घाबरून सोडली, की विचार करून? आता मलाच सांगता येत नाही. भात सांडला असता तर मी बरोबर ठरलो असतो?

टोप घेऊन नुसताच घरच्या ओट्यावर बसलो होतो. चौघांतल्या पावलू खलाशाची बायको आली, टोप हातातून ओढून घेतला. म्हणाली, "टोप काय बघता, तांडेल? जेवनारे मोजा."

मोजले. माझ्यासकट पाच.

बाबा दारातच उभे होते. त्यांनीही मोजले असतील का?